वरचा डावा सुळा

ताकामात्सु
१४ एप्रिल

ती. तोकिको वन्सं यांना
हिसायोचा नमस्कार.

तुमचं पार्सल पोचलं. बांबूच्या पानांत बांधलेल्या त्या हिरव्या लाडवांतला एकही फुटला नव्हता. खोकं उघडायच्या आधीच पानांचा वास आला. तुमचे भाऊ लाडू सोडून आधी पानच हुंगत बसायचे, ते तुम्हाला मी काय सांगणार. दोन यांच्यापुढे ठेवले आणि बाकीचे मी खाल्ले. दुसऱ्या दिवशी यांच्यापुढचेही मीच खाल्ले.

तिकडचा बर्फ उतरला, टेकडीवर आपल्या घराण्याच्या अस्थी ठेवतात त्या दगडाचं डोकं दिसायला लागलं, वाटेवरचा चिखल वाळला की वर चढता येईल, असं तुम्ही लिहिलंत. त्यापुढे काहीच लिहिलं नाहीत. पण मला समजलं. हे नोव्हेंबरात गेले, आणि तुमच्याकडे हिवाळ्यात दगड उघडता येत नाही, म्हणून अस्थी वसंतात आणायच्या असं आपलं ठरलं होतं. मी विसरलेले नाही.

पण लॅबमध्ये एक भानगड झाली आहे. ती निस्तरल्याशिवाय दाराला कुलूप लावून निघता येत नाही.

आमचं काम तुम्ही कधी जवळून पाहिलं नाहीत, म्हणून थोडं सांगते. दाताची कॅप करायला झिरकोनियाची एक पांढरी वडी येते, खडूसारखी. यंत्र तिच्यातून दात कोरून काढतं. तो खऱ्या दातापेक्षा मोठा असतो, कारण भट्टीत आकसतो. कोरलेला दात इतका नाजूक असतो की बोटात धरताना जोर जपून लावावा लागतो. तो रंगाच्या पाण्यात बुडवायचा, दिव्याखाली पुरता वाळवायचा, मग बारीक मण्यांच्या थरावर ठेवून भट्टीत घालायचा. बाहेर येतो तेव्हा त्याच्यावर सुरी चालत नाही.

फेब्रुवारीत एका दाढेवर डाग आला. गालाकडच्या बाजूला, हिरडीला टेकते त्याच्या जरा अलीकडे, बारीकशी पांढरी कोर. भट्टीत घालताना काही नव्हतं. बाहेर आली ती कोर घेऊनच. डाग येतातच. धूळ राहिली तर पुळ्या उठतात, ओल राहिली तर चीर जाते, भट्टी खराब असली तर पिवळट झाक येते. डाग आला की हे रागवायचे नाहीत. त्याचा बाप शोधू, म्हणायचे, आणि चहा मागायचे. मीही ती दाढ बाजूला ठेवली आणि नवी केली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या माणसाच्या दुसऱ्या दातावर तीच कोर. तीच जागा, तेवढीच लांबी, डावीकडे तोंड. मग तिसऱ्यावर.

यंत्राची कोरणी झिजली असेल म्हणून बदलली. हवेच्या नळीत पाणी साचलं होतं, ते काढलं. वडीची खेप बदलून पाहिली. कोर येतेच आहे. प्रत्येक वेळी कॅप पुन्हा करावी लागते, म्हणून दिवस पुरत नाहीत.

यांची काळजी करू नका. कलश देव्हाऱ्यात होता, पण मागच्या खोलीत गारठा फार. आता लॅबमध्ये खिडकीजवळच्या फळीवर आहे. तिथे भट्टीची ऊब येते. मीही यांच्याच खुर्चीवर बसते, उजेड तिथे चांगला आहे. ऑगस्टात ओबोनला, पितर घरी येतात तेव्हा, यांनाही घेऊन येईन.

तुमचे गुडघे सांभाळा. टेकडीवर एकट्या चढू नका.

आपली
हिसायो


ताकामात्सु
२२ जून

ती. तोकिको वन्सं यांना नमस्कार.

तुमचं कार्ड आलं. पोस्टमननं ते वाचलं असावं, कारण हातात देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या वेळी एवढं रागवायचं असेल तर पाकिटात घालून पाठवा.

"दातांचं कसलं कौतुक सांगतेस, माझा भाऊ फळीवर बसलाय," असं तुम्ही लिहिलंत. आणि खाली, बारीक अक्षरात, "आधीच अर्धा, तोही देत नाहीस."

त्या अर्ध्याबद्दल आपण कधी बोललो नाही. आमच्याकडे दहनानंतर लहान कलशात मावतील तेवढ्याच अस्थी घेतात. बाकीच्या तिथेच राहतात, दहनभूमीतली माणसं त्यांची व्यवस्था करतात. तुमच्याकडे सगळ्या घेतात, राखेचा कणही सोडत नाहीत. हे मला माहीत नव्हतं आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं. आपण दोघींनी काड्यांनी मिळून एकेक हाड उचललं, पायाकडून सुरू करून डोक्यापर्यंत आलो, आणि तो हातमोजे घातलेला माणूस झाकण लावायला लागला. तुम्ही म्हणालात, "आणि हा बाकीचा?" त्यानं वाकून नमस्कार केला आणि गाडा ढकलत आत नेला. त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

ते चाक मलाही ऐकू येतं, वन्सं. एवढंच आज लिहिते.

आता कामाचं. मियाके डॉक्टर स्वतः आले होते. त्यांच्या दवाखान्याचं सगळं काम यांच्या काळापासून आमच्याकडे येतं, आणि ते गेलं तर लॅब चालणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून बिचारे आधी अर्धा तास हवापाण्याचं बोलले. मग, नवी करायला वेळ न उरल्यानं मी तशाच पाठवलेल्या दोन कॅपांच्या डब्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या.

"हिसायोसान, तुमच्या दातांवर चंद्र उगवायला लागलाय."

मी म्हटलं, कारण शोधतेय.

"शोधा. पण माझे पेशंट तोंडात चंद्र घेऊन हिंडणार नाहीत. ओसाकाची एक मोठी लॅब रोज फोन करते मला. मी अजून उचललेला नाही."

हे बोलताना ते कलशाकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

ते गेल्यावर मी भट्टी रिकामीच तापवून काढली, दोनदा. मणी फेकून नवे आणले. मण्यांची वाटी आणि तिचं झाकण बदललं. मग एक कॅप रंगाविना, कोरीच भाजली. ती निर्मळ आली. मला इतका आनंद झाला की मी उभ्यानेच जेवले. म्हणजे दोष रंगाच्या पाण्यात. नवी बाटली उघडली, दिवा बदलला, दुप्पट वेळ वाळवलं. कोर आली. आधीपेक्षा ठळक.

एक गोष्ट ध्यानात आली आहे, तिचं काय करायचं ते कळत नाही. चुकलेल्या कामावर कोर येत नाही. मुद्दाम चाचणीसाठी केलेले ओबडधोबड दात साफ बाहेर येतात. जी कॅप मनासारखी उतरते, जी हातात घेऊन मला वाटतं की ही यांनाही आवडली असती, तिच्यावर येते.

परत आलेल्या कॅपा मी टाकत नाही. मेणाच्या पट्टीवर ओळीनं खोचून ठेवल्या आहेत, म्हणजे कोरी शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात.

यंदा पाऊस धरून बसलाय. भिंतीसुद्धा घामेजल्यात, पण फळीवर कोरडं आहे.

आपली
हिसायो


ताकामात्सु
२ सप्टेंबर

वन्सं,

ओबोनला मी आले नाही आणि फोनही केला नाही. तुम्ही दारात दिवा लावून बसला असाल. पहिल्या ओबोनला माणूस घरी येतं म्हणतात, आणि मी त्याला इकडे अडवून ठेवलं. माफी मागून ही गोष्ट मिटणार नाही, म्हणून मागत नाही. काय झालं ते सांगते. वाचून झाल्यावर हे पत्र कुणाला दाखवू नका.

भट्टीच्या कंपनीचे ओनिशी तुम्ही पाहिले आहेत. अंत्यविधीला आले होते ते जाडे गृहस्थ, ज्यांच्या वजनानं खुर्ची मोडली आणि यांच्या फोटोकडे बघून "तू हसतोयस ना," म्हणाले, ते. शेवटी त्यांना बोलावलं. त्यांनी भट्टी तपासली, आतल्या कांड्या तपासल्या, आमच्या कोपऱ्यावरचे उदोन नूडल्स दोन वाट्या खाल्ले आणि मग मेणावरची एकेक कॅप भिंगाखाली धरून पाहिली. शेवटची मेणात परत खोचली. मग म्हणाले,

"वहिनी, भट्टीला नखं नसतात."

मला समजलं नाही. त्यांनी स्वतःचा अंगठा कोरीवर टेकवून दाखवला. कॅप कोरून झाल्यावर, रंगात बुडवायच्या आधी, कोणीतरी नख दाबतंय. त्या वेळी डोळ्यांना काही दिसत नाही. पण बोटाचा तेलकटपणा लागतो तिथे रंग शिरत नाही, आणि भाजल्यावर ती जागा पांढरी उमटते.

मी म्हटलं, इथे मी एकटी असते. आणि कच्च्या दाताला नख लावू नये हे मी परवान्याच्या परीक्षेआधीच शिकले आहे.

ओनिशी म्हणाले की तेही खरंच आहे, आणि शिवाय हे नख डाव्या अंगठ्याचं आहे. मी तर उजव्या हाताची. मग त्यांनी टोपी घातली. जाताना एवढं सांगितलं की शिकाऊ मुलांना स्वतःचे हात दिसत नाहीत म्हणून हल्ली फोन समोर लावून चित्रण करतात, तसं करून बघा. दारातून पुन्हा मागे वळून म्हणाले, "नाही केलंत तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रंगाच्या बाटल्यांना टेकवून फोन लावला आणि रोजच्यासारखी कामाला बसले. उजेड स्वच्छ होता, बाहेर शाळा सुटली होती. काम झाल्यावर चहा केला आणि चित्रण लावलं.

त्यात मी आहे. उजव्या हातानं कॅप साफ करते आहे, कुंचल्यानं धूळ झटकते आहे. मग कॅप डाव्या हातात जाते. डावा हात ती खिडकीकडे वर धरतो. मान जराशी तिरकी होते. अंगठ्याचं नख कॅपेच्या गळ्याशी येतं, टेकतं आणि अलगद डावीकडे सरकतं. मग हात खाली येतो, आणि मी कॅप रंगात बुडवते.

वन्सं, मला यातलं काही आठवत नाही. तेव्हाही जाणवलं नव्हतं.

तुम्ही तुमच्या भावाला काम करताना पाहिलं नाहीत, म्हणून हे सांगायला हवं. भट्टीतून निघालेली कॅप हे नेहमी डाव्या हातानं खिडकीकडे धरायचे आणि काठावरून नख फिरवायचे. कुठे खरखर लागते का ते बघायला. तोवर दात टणक झालेला, नखानं त्याला काही होत नसे. मला डबी बंद करायची घाई असायची, कारण न्यायला माणूस यायचा. मी झाकण उचललं की हे म्हणायचे, "थांब जरा." रोज. प्रत्येक दाताला. कधीकधी मी चिडवायला त्यांच्याआधी म्हणायचे.

चित्रणात आवाजही आला आहे. हात वर असताना मी बोलते. आवाज माझाच आहे, पण पट्टी खालची आहे, आणि शेवट तुमच्या गावाकडच्यासारखा ओढलेला आहे, जसा मला एवढ्या वर्षांत कधी जमला नाही.

"थांब जरा."

मी तो भाग पुन्हा लावला नाही. म्हणजे, त्या दिवशी लावला नाही.

नंतर शांतपणे विचार केला. मी वाचनालयातून आणून पुष्कळ काही वाचते, आणि शरीराला सवयी कशा लागतात हेही वाचलं आहे. फेब्रुवारीत मी यांच्या खुर्चीवर बसायला लागले. भाजलेल्या दातांची थाळी जिथे असायची, तिथे मी रंगाचं पाणी ठेवलं. तीच खुर्ची, तोच उजेड, हात तिथेच जाणार. फक्त त्या हाताला भाजण्याआधीचं आणि नंतरचं कळत नाही. इतकी साधी गोष्ट आहे. रंगाची थाळी माझ्या जुन्या टेबलावर नेली आणि तिथेच बसले. आठ दिवस एकही कोर आली नाही. मियाके डॉक्टरांनी फोन करून अभिनंदन केलं.

त्यानंतर थाळी पुन्हा खिडकीशी आणली. उजेड तिथे बरा असतो.

आणखी एक लिहायचं आहे. मेणाची पट्टी मी वाकवून घेतली आहे, जबड्याच्या आकाराची. खालची ओळ पुरी झाली. वरचीही होत आली. वेगवेगळ्या माणसांचे दात, पण एकमेकांशी बरे बसतात. वरच्या डाव्या सुळ्याची तेवढी जागा मोकळी आहे. त्या दिवशी राखेत आपल्याला जो पांढरा सुळा मिळाला, तो बघून तुम्ही म्हणालात, "दात मात्र बाबांसारखे, आगीतही टिकले." तो यांचा दात नव्हता, वन्सं. ती कॅप होती. यांनीच स्वतःसाठी केली होती, झिलई मी दिली होती. आमच्या भट्टीत तावून निघालेल्या वस्तूला तिथली आग गारच. तुमच्या चेहऱ्याकडे बघून मला तेव्हा सांगवलं नाही. तो कलशात आहे. मी झाकण उघडलेलं नाही.

तुम्हाला अर्धा वाटला होता ना. मी बाकीचा जमवते आहे, असं कधीकधी वाटतं.

हिसायो


ताकामात्सु
५ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पाकीट आलं. मला वाटलं, चार पानं तरी असतील. आत एकच ओळ होती.

"हिसायो, तो जबडा पुरा करू नकोस."

ती मी देव्हाऱ्यात ठेवली. रागवला असतात तर मीही रागावले असते आणि माझंच खरं केलं असतं.

तुमची ओळ यायच्या सुमारास मियाके डॉक्टरांकडून साचा आला. कोरी पुन्हा दिसायला लागल्यापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. या वेळी सोबत चिठ्ठी नव्हती, फोन केला. म्हणाले, फेरीबोटीवर तिकिटं तपासणारी एक बाई आहे, पडून पुढचा दात मोडला, महिना झाला तोंडावर हात धरून बोलते. दिवसभर माणसांशी बोलायचं काम आहे तिचं. मग थोडं थांबून, "हिसायोसान, हा नीट आला नाही तर पुढचं सगळं ओसाकाला जाईल. मला वाईट वाटेल, पण पाठवीन."

साचा उघडला. वरचा डावा सुळा होता.

मी खुर्चीवर बसून राहिले. काय करायचं ते मला ठाऊक होतं, म्हणजे दोन्ही ठाऊक होतं. इथे बसून केला तर तो उत्तम उतरेल, उत्तम उतरला की हात वर जाईल, कोर येईल, डॉक्टर परत पाठवतील आणि मेणातली मोकळी जागा भरेल. त्यासाठी मला काहीही करावं लागणार नव्हतं. नुसतं बसायचं होतं. लॅब गेली असती. ती बाई आणखी काही दिवस तोंड झाकून हिंडली असती. पण समोर पुरतं तोंड असतं, आणि तोंड पुरं झाल्यावर ते गप्प बसलं असतं असं मला वाटत नव्हतं.

गेल्या पत्रात मी उजेडाचं लिहिलं, ते खरं नव्हतं. त्या आठ दिवसांत लॅब इतकी रिकामी झाली होती की भट्टीच्या पंख्याचा आवाज ऐकून मी मान वर करायचे. हे गेले तेव्हाही एवढं रिकामं नव्हतं. म्हणून थाळी परत नेली. जाणूनबुजून लोकांचे दात नासवले, कारण प्रत्येक कोर म्हणजे मला आलेला निरोप होता. आणि कलश तुमच्याकडे आणला तर निरोप थांबतील, या भीतीनं एप्रिल, ऑगस्ट, सगळं टाळलं. कॅपांचं निमित्त होतं. तुम्ही ते कधीच ओळखलं होतंत.

साचा उचलून मी स्वयंपाकघरात नेला. भाताच्या कुकरशेजारी रंगाची थाळी मांडली. तिथला उजेड वाईट आहे, समोर शेजाऱ्यांची भिंत. डावा हात पट्टीनं बांधून ठेवावा असं मनात आलं. मग आठवलं, यांनी डाव्या हातानं लिहू नये म्हणून लहानपणी तुमचे वडील तो कापडानं बांधून ठेवायचे, आणि ते शेतावर गेले की तुम्ही सोडायचात. कितीदा सांगायचे हे मला. म्हणून नाही बांधला. दोन्ही हातांत मोजे घातले आणि काम केलं. एकदा डावा हात टेबलावरून उचलला गेला. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हटलं, "नको. हा तिचा आहे."

तो खाली बसला.

भाजून निघालेला सुळा मी भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिला. कोर नव्हती. कुठेच नव्हती. वन्सं, मी ती किती शोधली ते तुम्हाला सांगता येणार नाही.

स्वतः जाऊन दवाखान्यात दिला. बाई खुर्चीतच होती. डॉक्टरांनी तो बसवला आणि आरसा दिला. तिनं सवयीनं हात तोंडाकडे नेला आणि मग खाली घेतला. मला म्हणाली, "मावशी, माझाच वाटतोय हो." डॉक्टर माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "नोरियुकीसानांच्या हातासारखा झालाय." यांचं नाव ऐकून मी रिकामी डबी पिशवीत घातली.

घरी येऊन मेण गरम पाण्यात टाकलं. दात सुटे होऊन तळाशी गेले, खळखळ आवाज झाला. ते दात ओनिशी घेऊन गेले. ते यांचे नव्हतेच. ज्यांचे होते त्यांच्या तोंडात दुसरे बसले आहेत.

परवा मी दहनभूमीच्या टेकडीवरही जाऊन आले. वर्षभर त्या बाजूची बससुद्धा टाळत होते. तिथल्या कचेरीतल्या माणसानं मागच्या बाजूला नेलं. उरलेल्या अस्थींसाठी एक दगड आहे, सगळ्यांचा मिळून एक. कोणीतरी संत्री ठेवली होती. तिथून समुद्र आणि फेरीबोटी दिसतात. तुम्ही विचारलं होतंत, आणि हा बाकीचा? तो इथे आहे, वन्सं. तुमच्या वाट्याचा मी तुम्हाला आणून देते. हा बाकीचा इथे, माझ्याजवळ राहू दे. एवढं मागते.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी निघते. कलश पार्सलनं पाठवता येतो, पण मी मांडीवर घेऊन येईन. गाड्या बदलत बदलत पोचायला संध्याकाळ होईल. बर्फ पडायच्या आत आपण वर चढू. मी खालची पायरी धरीन, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवा. दगड उघडल्यावर झाकण काढू आणि काड्यांनी तो सुळा सगळ्यात आधी दोघींनी मिळून ठेवू. आता तुम्हाला माहीत आहे तो काय आहे.

खुर्ची मी भिंतीकडे वळवून ठेवली आहे. खिडकीशी झाडाची कुंडी ठेवली.

एक गोष्ट लिहू की नको असं करत इथपर्यंत आले. तो सुळा करून झाल्यावर मी मोजे काढले आणि हात धुवायला गेले. मोजे कुठेही फाटलेले नव्हते, मी उलटे करून पाहिले. उजवा हात स्वच्छ होता. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली पांढरी भुकटी होती.

ती मी धुतली. मग दिवा न लावता थोडा वेळ तिथेच उभी राहिले, काही ऐकू येतं का ते बघत.

गाडीला उशीर झाला, तर थंडीत उभं राहायला नको म्हणून घरी निघून जाऊ नका. स्टेशनात आत बसा. आम्ही येतो. थांबा जरा.

तुमची
हिसायो